पोच

मिसेस एस्थर यांचे यजमान विमान अपघातात गेले.
खाणमालक होते म्हणे.
मागे नव्वद लाख डॉलर, आणि वारस कुणी नाही.
हे त्यांनी मला कळवलं, मला,
खारीवाव रोडवर दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या
कुमुदिनी रणदिवेला,
'परमप्रिय' असं संबोधून.

पैशांचं मी मनावर घेतलं नाही.
पण बाईचा नवरा गेला होता.
बत्तीस वर्षं विद्यापीठाच्या कचेरीत
आवक-जावकच्या टेबलावर काढली मी,
एक कागद विनापोच ठेवला नाही.
तेव्हा शब्दकोश काढला, चष्मा पुसला,
इंग्रजीत चार ओळी लिहिल्या:
आपल्या दुःखात सहभागी आहे.
रकमेची आवश्यकता नाही.
प्रकृतीस जपावे.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस पत्रं.

गुडघ्यांचं तेल. न काढलेल्या तिकिटाची लॉटरी.
कस्टममध्ये अडकलेलं पार्सल, माझ्या नावचं.
जिथे माझं खातंच नाही अशी एक बँक
चोवीस तासांत माझं खातं बंद करणार होती.
कुणी मला 'सर' म्हटलं,
कुणी 'प्रिय कुमुदिनी-आर-बावन्न'
(बावन्न माझं जन्मसाल, ते तरी खरं होतं).
तळाशी बारीक अक्षरांत:
पत्रं नको असल्यास इथे दाबा.
मी दाबलं.
एकेचाळीसची सत्तर झाली.

तळमजल्यावरचा धैवत कपाळाला हात लावून म्हणाला,
"मासी, जवाब आप्यो तमे?"
आणि मग माझ्यासाठी त्याच्या मराठीत:
"उत्तराणला अगाशीवर कुणाचातरी दोरा पडतो ना आडवा,
तुम्ही तो जरासा ओढला,
की लांब गच्चीवरच्या माणसाच्या बोटाला समजतं,
इकडे हात आहे.
त्याला बस एवढंच पाहिजे होतं."

मग शिकवणी.
नाव वाचायचं नाही, नावामागचा पत्ता वाचायचा;
बँकेच्या स्पेलिंगात 'ओ'च्या जागी शून्य बसलेलं असतं.
पासवर्ड कुणी मागत नाही, मागितला तर तो चोर.
'नको' चं बटण ओळखीच्या दुकानासाठी,
परक्यासाठी स्पॅमची खूण, न उघडता.
आणि चोवीस तासांची घाई करणाऱ्याला
चोवीस दिवस बसवून ठेवायचं,
हे मात्र त्याला शिकवावं लागलं नाही.
मी कचेरीत होते.

तरी पहिल्या सकाळी बोट अडखळलं.
एवढी माणसं दारात, आणि मी साधं
'मिळालं' म्हणून कळवायचं नाही?
शेवटी जुनी वही काढली, रकाने आखले.
आवक अडतीस. जावक निरंक.
आवक बावीस. जावक निरंक.
जरा बरं वाटलं.

आठवड्यातून एकदा तो डबा उघडून बघायचा,
तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो,
असंही धैवतने सांगितलं होतं.
बघितला. गुडघ्यांचं तेल आणि कुठलीशी राजकन्या,
त्यांच्यामध्ये अंग चोरून
मांडवीचं वाचनालय बसलेलं:
'आपल्याकडील पुस्तक अद्याप परत आलेले नाही.'
रिक्षा केली. अकरा रुपये दंड भरला, पावती घेतली.
परत येऊन दुसरं बटण दाबलं, 'हे स्पॅम नाही'.
असंही बटण ठेवलंय कुणीतरी,
हे मला ठाऊक नव्हतं.

पौषात मिसेस एस्थर पुन्हा आल्या.
पहिली ओळ बाहेरूनच दिसते:
यजमान गेले. या वेळी हृदयविकाराने.
कुठल्या खोलीत बसून कोण लिहितं हे,
दिवसाला किती पत्रांच्या बोलीवर,
आणि दोनदा मारलेल्या त्या नवऱ्याचं
निदान नाव तरी ठरवलंय का त्याने, कोण जाणे.

खूण केली. वही उघडली.
आवक एक.
जावक
इथे पेन जरा थांबलं,
रिफिल संपत आली असेल.
निरंक.